मोहरीचा पांढरा तांबेरा आणि करपा: ‘रोगप्रतिकारक’ वाण नेमका कोणत्या रोगाला?

मोहरीचा एखादा वाण ‘रोगप्रतिकारक’ आहे असं वाचलं, की आधी विचारावं: कोणत्या रोगाला? पांढरा तांबेरा आणि करपा दोन्ही पानांवर येतात, बुरशीजन्य रोग म्हणून एकत्रच मोजले जातात. पैदासकाराला मात्र ही दोन अगदी वेगळी कामं आहेत.

पानाच्या खालच्या बाजूला खडूसारखे पांढरे फोड दिसले तर तांबेरा. तपकिरी-काळे ठिपके, त्यांत एकात एक वर्तुळं, आणि शेंगांवरही तेच, तर करपा.

तांबेऱ्याचा रोगकारक अल्ब्युगो कँडिडा खरं तर केवडा रोगाच्या रोगकारकांच्या गटातला. काटेकोरपणे पाहिलं तर बुरशी नव्हेच. तो फक्त जिवंत पेशींवर जगतो. म्हणून झाडाने त्याला वेळीच ओळखून लागण झालेली पेशी मारून टाकली, की त्याची उपासमार होते. या ओळखीला एखादं प्रभावी जनुक पुरतं. पूर्व युरोपातल्या ‘डोन्स्काया-४’ या मोहरीत असं जनुक सापडलं आहे. चांगल्या उत्पादनाच्या वाणाशी तिचा संकर करून, पुढे पुन्हा पुन्हा त्याच वाणाशी संकर करत ते जनुक त्यात आणता येतं. धोका एवढाच, की रोगकारकाचा नवा उपप्रकार एकट्या जनुकाला चकवू शकतो. एका वाणात दोन जनुकं एकत्र आणणं मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं.

करप्यापुढे हा डाव चालत नाही. अल्टरनेरिया ब्रासिसी ही बुरशी विष सोडून पेशी मारते आणि मेलेल्या भागावरच पोसते. झाडाने स्वतःहून पेशी मारल्या, तर तिचं आयतंच फावतं. त्यात लागवडीच्या मोहरीत करप्याला पूर्ण दाद न देणारा वाण मिळालेला नाही. काही वाणांवर ठिपके लहान राहतात किंवा रोग हळू पसरतो; हा गुण अनेक जनुकांच्या थोड्याथोड्या परिणामातून येतो, म्हणून निवडीत रोग आहे-नाही एवढं पाहून भागत नाही, किती टक्के पान व्यापलं ते मोजावं लागतं.

भक्कम प्रतिकार आहे तो नात्यातल्या दुसऱ्या वनस्पतींत: पांढरी मोहरी, कॅमेलिना. साध्या परागीकरणाने त्यांचा मोहरीशी संकर सहसा जमत नाही. त्यामुळे गर्भ प्रयोगशाळेत वाढवावा लागतो किंवा भित्तिका काढलेल्या पेशी जोडाव्या लागतात. त्यातून रोप मिळालं तरी प्रतिकारासोबत नको असलेले गुण येतात, बीजधारणाही बिघडते. ते निस्तरण्यात पिढ्यामागून पिढ्या जातात.