दर्या, दऱ्या आणि न दिसणारं एक चिन्ह

ठाण्याच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचे डोंगर. समजा, खाडीकाठच्या खानावळीनं ‘दर्या’ नावाचा वेबपत्ता घेतला आणि येऊरला भटकणाऱ्यांनी ‘दऱ्या’. मराठी माणूस हे दोन शब्द कधी एक समजणार नाही. ब्राउझर मात्र बरीच वर्षं समजू शकत होते.

‘दऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, स्वतंत्र ऱ अक्षर आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक. हा जोडक युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरचिन्हांच्या क्रमवार यादीत, ८२०५ क्रमांकावर आहे आणि पडद्यावर दिसत नाही. डीएनएसकडे, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेकडे, देवनागरी नाव जातं ते पनीकोड पद्धतीनं रोमन अक्षरांत बदलून. २००३ च्या आरएफसी ३४९० या इंटरनेट मानकाप्रमाणे त्याआधीच जोडक गाळला जाई. मग उरे ते फक्त ‘दर्या’. २०१० च्या नव्या मानकानं हलन्तानंतरचा जोडक ठेवायला परवानगी दिली. मराठीसाठी हे योग्यच झालं.

पण जुन्या नियमानं चालणारे पत्ते एका रात्रीत बदलत नाहीत. म्हणून युनिकोडच्या तांत्रिक मानक ४६ नं दोन्ही वाटा ठेवल्या: संक्रमणकाळापुरता जोडक गाळायचा, किंवा ठेवायचा. फायरफॉक्सनं दुसरी वाट आधी धरली, क्रोमनं २०२३ मध्ये. मधल्या काळात एकच दुवा दोन ब्राउझरांत दोन वेगळ्या सर्व्हरांकडे जाऊ शकत होता, आणि त्यासोबत तिथे टाकलेला पासवर्डही.

वेबपत्त्यांचं आजचं विनिर्देशन, म्हणजे ब्राउझरांनी पाळायची नियमावली, लिहिणाऱ्यांनी इथे स्वतःचा तिसरा नियम काढला नाही. त्यांनी मानक ४६ चा हवाला दिला आणि त्यातला कोणता पर्याय चालू, कोणता बंद, हे एकेक करून लिहिलं. नुसता हवाला पुरत नाही. पर्याय मोकळा सोडला की प्रत्येक प्रोग्रामर आपापल्या समजुतीनं तो भरतो.

तुमच्या प्रणालीत हे तपासायचं तर जोडक असलेलं एकच नाव ब्राउझर, सर्व्हर आणि ईमेल तपासणाऱ्या कोडमधून घाला आणि पनीकोड ताडून पाहा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं अशा नावांसाठीचं अंगभूत ‘आयडीएनए’ रूपांतर अजून २००३ चेच नियम पाळतं. तिथे जोडक गुपचूप गळतो, कुठलीही चूक दाखवली जात नाही. त्यासाठी २०१० चे नियम पाळणारं वेगळं पॅकेज बसवावं लागतं.

एक धोका तरीही राहतो. ऱ वापरून टंकलेला ‘दऱ्या’ आणि जोडक वापरून टंकलेला ‘दऱ्या’ डोळ्यांना तंतोतंत सारखे, पण पनीकोडमध्ये वेगळे. हा धोका ब्राउझरच्या नियमांनी टळत नाही. यातलं एकच रूप नोंदवू द्यायचं, हे नावं नोंदवणाऱ्या संस्थेलाच ठरवावं लागतं.