पेटवायलाही मायक्रोवेव्ह, मोजायलाही मायक्रोवेव्ह

१० डिसेंबर २०१५. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डला ‘वेंडेलस्टाइन ७-एक्स’ या अणुसंमीलनाच्या (फ्यूजनच्या) प्रायोगिक यंत्राच्या निर्वात पोकळीत जेमतेम एक मिलिग्रॅम हेलियम सोडला गेला आणि त्यावर १.३ मेगावॉटचा मायक्रोवेव्हचा झोत पडला. सेकंदाच्या दहाव्या भागापुरता प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू, पेटला. तापमान सुमारे दहा लाख अंश. फेब्रुवारीत तेव्हाच्या जर्मन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी बटण दाबून हायड्रोजनचा प्लाझ्मा पेटवला, गाजावाजा त्याचा जास्त झाला. पण खरी परीक्षा डिसेंबरातलीच.

टोकामॅक या दुसऱ्या प्रकारच्या फ्यूजन यंत्रात ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर वायूतून वीज खेळवता येते. हे यंत्र स्टेलरेटर, म्हणजे प्लाझ्माला फक्त बाहेरच्या चुंबकांनी धरणारं. त्यात ती सोयच नाही. मग पेटणार कसं? वायूत थोडे सुटे इलेक्ट्रॉन असतातच. चुंबकीय क्षेत्रात ते गिरक्या घेतात, आणि गिरक्या किती, हे जवळजवळ फक्त क्षेत्राच्या ताकदीवर ठरतं: एका टेस्लाला सेकंदाला २८ अब्ज, म्हणजे २८ गिगाहर्ट्झ. त्याच तालावर मायक्रोवेव्ह आली की झोक्याला वेळेवर रेटा मिळावा तशी इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढत जाते. तो अणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतो, मग तेही तेच करतात.

गांधीनगरजवळच्या एसएसटी-१ या टोकामॅकमध्येही पेटवायला मायक्रोवेव्हची मदत घेतात. तिथे क्षेत्र १.५ टेस्लाचं, म्हणून जायरोट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह तयार करणारी नळी, ४२ गिगाहर्ट्झचा. ग्राइफ्सवाल्डच्या २.५ टेस्लाला ७० पुरायला हवेत. वापरतात मात्र दुप्पट, १४०.

गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन स्वतःही त्याच हिशेबाने लहरी सोडतात. प्लाझ्मा पुरेसा दाट आणि तप्त असला की लहरींच्या तीव्रतेवरून इलेक्ट्रॉनांचं तापमान कळतं. क्षेत्र जागोजागी वेगळं असल्यामुळे फ्रिक्वेन्सीवरून जागाही कळते. कोट्यवधी अंशांत दुसरा कुठला थर्मामीटर टिकणार? अडचण एकच: ही क्षीण कुजबुज ऐकायची ती शेजारी १४० गिगाहर्ट्झचे मेगावॉट धडधडत असताना. म्हणून रिसीव्हरच्या आधी नॉच फिल्टर लावतात, तो नेमका तेवढाच पट्टा गाळून टाकतो. नाहीतर रिसीव्हरच जळायचा.

घनता एका मर्यादेपलीकडे गेली की लहर आत शिरत नाही, उलटी फिरते. तापवणाऱ्यांना ही डोकेदुखी. फ्रिक्वेन्सी दुप्पट ठेवली की ती मर्यादा वर सरकते आणि दाट प्लाझ्माही तापवता येतो. मोजणाऱ्यांना मात्र हीच गोष्ट फावते. ते मामुली ताकदीची लहर फ्रिक्वेन्सी चढवत आत सोडतात, ती परतायला किती वेळ लागला ते टिपतात, आणि कोणत्या खोलीवर किती घनता आहे याचा आलेख काढतात.