वाद्यवृंद-साहाय्यक उपक्रमांचा गौरव
वाद्यवृंद टिकावा, त्याला श्रोते मिळावेत आणि त्याचे वादन शाळकरी मुलांपर्यंत पोहोचावे, यासाठी नागरिक मोबदला न घेता जी कामे संघटितपणे करतात, त्यांतील उत्कृष्ट कामांची निवड करून त्यांचा जाहीर सन्मान करण्याची प्रथा. वादक, संचालक आणि मोठे देणगीदार यांच्या सन्मानाचे अनेक प्रसंग येतात. येथे मात्र उपक्रम हाच सन्मानाचा विषय असतो आणि तो पार पाडणाऱ्या गटाचे नाव त्याच्या अनुषंगाने घेतले जाते. ही प्रथा अमेरिकेत विशेष रुजली असली, तरी सोलापूरसारख्या समूहवादनाची दांडगी परंपरा असलेल्या शहराला तिचे स्वरूप जवळचे वाटेल असे आहे.

पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणाऱ्या पूर्ण सिम्फनी वाद्यवृंदात साधारणपणे ८० ते १०० वादक असतात आणि त्यांच्या वेतनाचा, तालमींचा व सभागृहाचा खर्च केवळ तिकीटविक्रीतून भागत नाही. याचे कारण विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडले. तंतुवाद्यांचे चतुष्क, म्हणजे चार वादकांसाठी लिहिलेली रचना, वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितके हात आणि जितका वेळ लागत असे, तितकाच आजही लागतो. सोलापुरात १८७७ मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून आजच्या यंत्रमागापर्यंतचा प्रवास पाहिला, तर एका कामगाराच्या पाळीत निघणारे कापड कितीतरी पटींनी वाढलेले दिसते. वादनात अशी वाढ संभवत नाही, तरीही वादकाचे वेतन इतर व्यवसायांतील वेतनाबरोबर वाढत राहावे लागते. ही कायमची तूट शासकीय अनुदान, देणग्या आणि लोकांचे विनामूल्य श्रम यांतूनच भरून निघते. यांपैकी श्रमांची नोंद ताळेबंदात होत नाही, म्हणून त्यांची दखल घेण्याची वेगळी व्यवस्था लागते.

अमेरिकेत या श्रमांना संघटित रूप दिले ते प्रामुख्याने स्त्रियांनी. फिलाडेल्फिया वाद्यवृंदाची स्थापना १९०० मध्ये झाली आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९०४ मध्ये, त्याच्या मदतीसाठी महिला समित्या सुरू झाल्या. पुढे अशा समित्या शहरोशहरी निघाल्या आणि पुरुषही त्यांत आल्यावर त्यांतील अनेकींचे स्वयंसेवक-संघात रूपांतर झाले. देशभरच्या वाद्यवृंदांची मध्यवर्ती संघटना १९४२ मध्ये स्थापन झाली. २००७ पासून ती लीग ऑफ अमेरिकन ऑर्केस्ट्राज या नावाने ओळखली जाते. तिची स्वयंसेवक परिषद ‘गोल्ड बुक’ या नावाने उत्कृष्ट उपक्रमांचे संकलन करते आणि त्यांतील निवडक उपक्रमांना पुरस्कार देते. या योजनेचे खरे मोल संकलनात आहे. पुरस्कार एका गटाला मिळतो. उपक्रमाची लेखी हकिकत मात्र सर्वांच्या हाती येते आणि दुसऱ्या गावातला गट तो उपक्रम आपल्या ऐपतीप्रमाणे उचलू शकतो.

निधी उभारणाऱ्या उपक्रमांत कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील उदाहरण प्रसिद्ध आहे. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या मदतीसाठी १९४८ मध्ये एकत्र आलेल्या तेथील गटाने १९६५ पासून एक वेगळी रीत पाडली : एखादा मोठा वाडा तात्पुरता मागून घ्यायचा, त्याची दालने वेगवेगळ्या सजावटकारांकडून सजवून घ्यायची, तो तिकीट लावून लोकांना पाहायला खुला करायचा आणि येणारा पैसा वाद्यवृंदाला व मुलांच्या संगीतशिक्षणाला द्यायचा.

मुलांना वाद्ये हाताळू देणारा उपक्रम याहून साधा आणि, प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने, अधिक महत्त्वाचा आहे. मैफलीपूर्वी सभागृहाच्या दालनात किंवा शाळेत टेबले मांडून त्यांवर लहान आकाराची व्हायोलिने, बासरी, ट्रम्पेट, झांजा ठेवतात. स्वयंसेवक मुलाच्या हनुवटीखाली व्हायोलिन बसवतो, गज धरण्यासाठी अंगठा कोठे ठेवायचा ते दाखवतो आणि पहिला करकरीत आवाज निघेपर्यंत थांबतो. फुंकवाद्यांचे तोंडाला लावायचे भाग प्रत्येक मुलानंतर जंतुनाशकाने पुसावे लागतात, तारा पुन्हा सुरात लावाव्या लागतात आणि हे काम दोन-तीन तास अखंड चालते. यातून निधी मिळत नाही, तरी पुढच्या पिढीचा श्रोता मिळण्याची शक्यता येथेच निर्माण होते.

निवड करताना किती पैसा जमला हा निकष सोपा असला तरी पुरेसा नाही, कारण महानगरातील श्रीमंत गट त्यात नेहमीच पुढे राहील. लीगमध्ये वाद्यवृंदांचे गट वार्षिक अंदाजपत्रकानुसार पाडलेले असतात. गौरवातही हीच दृष्टी ठेवणे न्याय्य ठरते. उपक्रमाने कोणती गरज भागवली, किती माणसांना कामात ओढले, तो पुढच्या वर्षी टिकेल का आणि इतरांना तो करता येईल का, हे प्रश्न रकमेच्या आधी यावेत.

भारतात मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने २००६ मध्ये स्थापन केलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद आहे. सोलापुरात समूहवादन नांदते ते लेझीम, हलगी, ढोल-ताशा आणि बँड यांत, आणि त्याचा आधार सार्वजनिक मंडळे हा आहे. गणेशोत्सवापूर्वी कितीतरी संध्याकाळी मंडळांच्या पटांगणांवर लेझमीचा सराव चालतो. जाणती मंडळी नव्या मुलांना एकेक डाव शिकवतात, कोणी वर्गणी गोळा करतो, कोणी लेझमीच्या साखळीतून निसटलेल्या चकत्या पुन्हा ओवतो. हलगीचे कातडे सैल पडले की आवाज बसतो, म्हणून वादनाआधी ती जाळावर धरून शेकावी लागते. तो जाळ पेटता ठेवणारा माणूस मिरवणुकीत कधी दिसत नाही. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुले एकाच तालावर पावले टाकतात, हेही या शहराचे वैशिष्ट्य आहे.

राज्य शासनाने २०२२ मध्ये उत्कृष्ट सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांसाठी पुरस्कारयोजना सुरू केली. तिचे काम पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीकडे आहे, पहिला पुरस्कार ५ लाख रुपयांचा ठेवण्यात आला आणि मंडळांनी अर्ज केल्यावर जिल्हास्तरीय समिती प्रत्यक्ष पाहणी करते. सांस्कृतिक व सामाजिक कार्य, पर्यावरणपूरक मूर्ती यांसारख्या बाबींना त्यात गुण असतात. वाद्यपथकाच्या पाठीशी राहणाऱ्यांसाठी सोलापुरात स्वतंत्र गौरव सुरू करायचा झाल्यास ही गुणपद्धती हाताशी आहे. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह यांबरोबर उपक्रमाची चार पानांची हकिकत छापली, तर गोल्ड बुकचे काम येथेही साधेल. मंडळांच्या जमाखर्चात लेझमीची खरेदी, हलगीचे कातडे, चहापाणी हे सारे मांडता येते. शिकवणाऱ्याने दिलेल्या संध्याकाळींना मात्र त्यात रकाना नाही, आणि गौरवाच्या अर्जात पहिला रकाना त्यांचाच असावा.