बोलिव्हियातील बालमजुरी कायदा (२०१४)

बालमजुरीवर सरसकट बंदी घालावी की तिला परवानगी देऊन नियमांत बसवावे, या वादातले बहुधा सर्वाधिक गाजलेले प्रकरण. जुलै २०१४ मध्ये बोलिव्हियात बालक व किशोर संहिता, म्हणजे कायदा क्र. ५४८, आली. कामाचे किमान वय १४ हेच राहिले. पण अपवाद म्हणून १० वर्षांपासून स्वतःचा किरकोळ धंदा आणि १२ वर्षांपासून दुसऱ्याकडे काम करण्याची मुभा मिळाली. त्यासाठी मुलाची इच्छा, पालकांची संमती, वैद्यकीय तपासणी आणि नगरपालिकेच्या बालहक्क कचेरीचा परवाना लागे. खाणकाम, वीटकाम आणि ऊसतोड निषिद्धच राहिली. (आपल्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, पोराने वाढे बांधले तरी ते हिशेबात येत नाही.)

ही सूट कारखानदारांनी मागितली नव्हती. मागणारी होती काम करणाऱ्या मुलांचीच संघटना, ‘उनाट्सबो’. ला पास शहराच्या रस्त्यांवर बूटपॉलिश करणारी मुले ओळखीच्यांनी पाहू नये म्हणून डोळ्यांपुरती उघडी लोकरी टोपी तोंडावर ओढून बसतात. काही मिनीबसच्या दारात उभी राहून थांबे पुकारतात, काही दफनभूमीत थडगी धुतात. नव्या संहितेत १४ वर्षांखाली कामच नको, असे घाटत होते. त्याविरुद्ध डिसेंबर २०१३ मध्ये मुलांनी मोर्चा काढला, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मग लहानपणी लामा नावाची लोकरी जनावरे राखलेले अध्यक्ष एव्हो मोरालेस त्यांना भेटले आणि त्यांच्या बाजूने बोलले.

मुलांचे म्हणणे सरळ होते: बंदीने काम थांबत नाही, लपते, आणि लपून केलेल्या कामाची मजुरी बुडवली तर दाद कुठे मागायची? १९९६ मध्ये कर्नाटकातील कुंदापूरला भरलेल्या कामकरी मुलांच्या जागतिक बैठकीतही सूर हाच होता: पिळवणूक नको, शिक्षणाला वेळ देणारे सन्मानाचे काम हवे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आक्षेपही पोकळ नव्हता. बोलिव्हियाने १९९७ मध्ये स्वीकारलेला करार क्र. १३८ गरीब देशांना हलक्या कामासाठी किमान वय १२ पर्यंतच खाली आणू देतो. १० त्यात कुठेच बसत नाही. शिवाय घरात खायला नसलेल्या मुलाची ‘इच्छा’ परवाना देणाऱ्याने मोजायची कशी, याचे समाधानकारक उत्तर समर्थकांकडे नव्हते.

२०१७ मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने हे अपवाद रद्द केले आणि डिसेंबर २०१८ च्या कायदा क्र. ११३९ ने संहितेत तसा बदल केला. दरम्यान २०१६ मध्ये भारताने १४ वर्षांखालील मुलांना सर्वच कामांत बंदी केली, मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धोकादायक नसलेल्या धंद्यात हातभार लावण्याची सूट ठेवली. त्यासाठी परवाना लागत नाही.