फायरवॉलच्या अलीकडे

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या मध्यम कारखान्यात संगणकांच्या सुरक्षेविषयी विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘आमच्याकडे फायरवॉल आहे.’ उत्तर खोटे नसते; परंतु फायरवॉल, म्हणजे माहितीची ये-जा तपासून नको ती अडवणारी यंत्रणा, साधारणपणे इंटरनेट आणि कार्यालय यांच्या सीमेवर बसवलेली असते, आणि पेनड्राइव्हमधून किंवा पाहुण्याच्या लॅपटॉपमधून आत शिरलेल्या घातक प्रोग्रॅमला शेजारच्या संगणकाकडे जाताना तिच्या वाटेला जावेच लागत नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा प्रोग्रॅम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून बाहेर पडला आणि मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात असाच आतल्या आत पसरला. न्हावा शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम त्यामुळे विस्कळीत झाले. नाशिकची द्राक्षे याच बंदरातून परदेशी जातात. सुदैवाने त्या वेळी हंगाम संपलेला होता.

लोकल नेटवर्क, म्हणजे कार्यालयाच्या आतले जाळे, इतके भोळे का असते, याचे उत्तर संगणकांनी एकमेकांचे पत्ते कसे शोधावेत हे सांगणाऱ्या एआरपी या १९८२ सालच्या नियमावलीत सापडते, आणि ते मुळातून पाहण्याजोगे आहे. आपले प्रोग्रॅम आयपी पत्ता (जाळ्यात उपकरणाला दिलेला क्रमांक) वापरतात, तर केबलमधून जाणारी फ्रेम, म्हणजे माहितीचे पाकीट, नेटवर्क कार्डाच्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्यावर पोहोचते. या दोहोंची सांगड घालण्यासाठी, समजा बाहेरच्या जाळ्याशी जोडणारा राउटर शोधताना, हिशेब विभागातील संगणक सगळ्या जाळ्याला उद्देशून विचारतो, ‘१९२.१६८.१.१ कोण?’ आणि जो उत्तर देईल त्याचा मॅक पत्ता काही काळ आपल्या तक्त्यात नोंदवून ठेवतो. उत्तर देणाऱ्याची ओळख पटवण्याची कोणतीही सोय या नियमावलीत नाही. इतकेच नव्हे, तर न विचारता आलेले उत्तरही अनेक उपकरणे खरे मानतात. त्यामुळे जाळ्यातील बाधित संगणकाने हिशेब विभागाला ‘राउटर मीच’ आणि राउटरला ‘हिशेबाचा संगणक मीच’ असे सांगत राहिले, की दोघांमधील सर्व वाहतूक त्याच्यामार्फत सुरू होते. संगणकांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या स्विचला यात काहीही वावगे दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक फ्रेम तिच्यावर लिहिलेल्या मॅक पत्त्यावरच पोहोचलेली असते. सांकेतिक (एन्क्रिप्टेड) जोडणीतील मजकूर अशा मध्यस्थाला वाचता येत नाही. जुन्या प्रोग्रॅमचे उघडे पासवर्ड मात्र सहज वाचता येतात.

यावरचा पहिला उपाय व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे पाडलेले वेगवेगळे आभासी गट. इथरनेटच्या फ्रेममध्ये ४ बाइटांची खूण घातली जाते. तिच्यातील १२ बिटे व्हीलॅनचा क्रमांक सांगतात आणि त्यांतून वापरण्याजोगे ४०९४ क्रमांक मिळतात. एआरपीचा प्रश्न आपल्या व्हीलॅनबाहेर जात नाही, म्हणून सीसीटीव्ही, हजेरीचे यंत्र, हिशेब आणि पाहुण्यांचे वायफाय वेगळे केले की खोट्या उत्तराची पोहोच तेवढ्या गटापुरती उरते. गटाच्या आतील लबाडी पकडण्यासाठी स्विचलाच, आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी यंत्रणेने कोणाला कोणता आयपी पत्ता दिला याची नोंद ठेवून, तिच्याशी न जुळणारी एआरपी उत्तरे टाकून द्यायला सांगता येते. मात्र ४०९४ क्रमांक मिळतात म्हणून चाळीस व्हीलॅन करणारे उत्साही लोकही असतात. अशा जाळ्यातील नियम पुढे कोणालाच समजत नाहीत, आणि न समजलेल्या नियमांत भोके राहतात. बहुतेक कारखान्यांना पाच-सहा गट पुरतात.

जाळ्याला जोडू पाहणाऱ्याची ओळख तपासणाऱ्या ८०२.१एक्स या मानकामुळे आणखी सुटसुटीतपणा येतो. त्यात ओळख पटेपर्यंत स्विचचा पोर्ट (केबल लावण्याची जागा) बंदच राहतो आणि ओळख पटल्यावर मध्यवर्ती सर्व्हर त्या व्यक्तीचा व्हीलॅन कळवतो; टेबल बदलले म्हणून कोणाला पॅचपॅनलवरच्या (केबल जोडण्याच्या फळीवरच्या) केबल हलवाव्या लागत नाहीत. खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूचा हार घालण्यास माझी हरकत नाही, परंतु त्याच कपाटातील स्विचचा पासवर्ड ‘अॅडमिन’ असेल, तर ना हार उपयोगी पडतो ना ‘एआययुक्त सुरक्षा’ अशी चिठ्ठी लावून विकलेली महागडी पेटी.

जुन्या सीएनसी (संगणकाने नियंत्रित होणाऱ्या) यंत्रांच्या नियंत्रकांना बहुधा ८०२.१एक्स येत नाही. त्यांना मॅक पत्त्यावरून प्रवेश दिला जातो, पण मॅक पत्ता नकली करणे सोपे असल्याने तेवढ्यावर विसंबता येत नाही; अशा यंत्रांचा व्हीलॅन स्वतंत्र ठेवून, रेखाटनांच्या फाइली देणारा एक सर्व्हर सोडल्यास त्यांची बाकी सर्व ये-जा गटांमध्ये बसवलेल्या आतल्या फायरवॉलने अडवावी लागते.