व्हिंटेज धाटणीच्या गिटार अँपमधून आधुनिक मेटल टोन

१९५०–७० या काळातल्या आराखड्यांवर बेतलेल्या व्हॉल्व्ह (ट्यूब) अँप्लिफायरमधून अलीकडच्या मेटल शैलींना लागणारा घट्ट, दाट आणि तुटक आवाज काढण्याचे तंत्र. अशा अँपमध्ये गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) कमी असतो, म्हणून तो कसाही करून वाढवला की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मेटल टोनचा घट्टपणा गेनमधून कमी आणि खर्जाच्या व्यवस्थापनातून जास्त येतो: सिग्नल फाटण्याआधी (डिस्टॉर्शन होण्याआधी) खर्ज कापायचा आणि फाटल्यानंतर हवा तेवढा परत भरायचा. जुने अँप नेमके याच बाबतीत अडतात.

जुन्या रचनेची अडचण

फेंडर बेसमन ५एफ६-ए, त्याच्या आराखड्यावरून १९६२ मध्ये लंडनमध्ये तयार झालेला मार्शल जेटीएम४५, त्यापुढचा १०० वॅटचा सुपर लीड, व्हॉक्स एसी३० आणि फेंडर ट्विन रिव्हर्ब हे या धाटणीचे मुख्य नमुने. सुपर लीडमध्ये टोनच्या बटणांपर्यंत पोहोचताना सिग्नल केवळ दोन गेन टप्प्यांतून आणि एका कॅथोड फॉलोअरमधून (गेन न वाढवता सिग्नल पुढे देणारा टप्पा) जातो. त्याचे नावाजलेले डिस्टॉर्शन बऱ्याच अंशी त्यापुढे, फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबसाठी सिग्नल उलट-सुलट दोन भागांत वाटणारा टप्पा) आणि पॉवर ट्यूबमध्ये घडते. म्हणजे बेस, मिडल आणि ट्रेबल ही बटणे डिस्टॉर्शनच्या आधी बसलेली आहेत. बेस वाढवला की आवाज भारदस्त होण्याऐवजी पॉवर ट्यूब खर्जानेच भरून जातात आणि रिफ गढूळ होतो. फाटलेल्या आवाजावर नंतर काम करायला प्रेझेन्स (पॉवर विभागातले, तीव्र स्वर वाढवणारे बटण) आणि स्पीकर एवढेच उरते.

सोल्डानो एसएलओ-१०० (१९८७), पीव्ही ५१५० (१९९२) आणि मेसा बूगी ड्युअल रेक्टिफायर यांची मांडणी उलट आहे. प्रीअँपमध्ये (पॉवर ट्यूबच्या आधीच्या भागात) एकापुढे एक गेन टप्पे, प्रत्येक दोन टप्प्यांमध्ये खर्जाची छाटणी, आणि टोनची बटणे या साऱ्या फाटाफाटीनंतर. त्यातला एक टप्पा मुद्दाम ‘थंड’ बायस केलेला असतो, म्हणजे सिग्नल नसताना त्याच्या ट्यूबमधून फार कमी प्रवाह वाहतो. सुपर लीडनंतरच्या मार्शल २२०३ मध्ये या टप्प्याचा कॅथोड रेझिस्टर १० किलो-ओहमचा आहे, तर एसएलओमध्ये ३९ किलो-ओहमचा. असा टप्पा लाटेची एक बाजू लवकर छाटतो आणि पाम म्यूटला (तळहात तारांवर टेकवून वाजवण्याला) ती करकरीत धार देतो. जुन्या अँपमध्ये हे काम बाहेरून करून घ्यावे लागते.

खर्ज एवढा त्रास का देतो, हे पॉवर कॉर्डवरून (मूळ स्वर आणि त्याचा पंचम एकत्र) कळते. गिटारची जाड ई तार ८२.४ हर्ट्झवर आणि तिच्यावरचा पंचम १२३.५ हर्ट्झवर वाजतो. दोन्ही एकत्र फाटले की त्यांच्या फरकाचा, सुमारे ४१ हर्ट्झचा, तिसरा स्वर तयार होतो. तो पिकअपमधून आलेलाच नसतो. तार बी पर्यंत (६१.७ हर्ट्झ) उतरवली तर हा स्वर ३१ हर्ट्झच्या आसपास जातो. तिथे तो स्वर म्हणून ऐकू येत नाही, नुसता स्पीकरचा कोन हलवतो आणि ट्यूबची ताकद खातो. खालच्या ट्यूनिंगला जास्त बेस लागतो ही कल्पना म्हणूनच फसवी आहे. जितके खाली उतरावे तितकी फाटण्याआधीची छाटणी वाढवावी लागते.

पुढे बूस्ट लावण्याची पद्धत

मार्शल धाटणीच्या अँपसाठी हा सर्वांत खात्रीचा मार्ग, आणि तो मेटलइतकाच जुना आहे. १९६० च्या दशकातल्या डॅलस रेंजमास्टर ट्रेबल बूस्टरचा इनपुट कपॅसिटर केवळ ५ नॅनोफॅरडचा असल्याने खर्ज आत शिरतानाच गळतो. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमी यांनी सुरुवातीच्या काळात लेनी अँपपुढे असाच बूस्टर लावला होता. आज त्या जागी बहुधा आयबानेझ ट्यूब स्क्रीमर (टीएस८०८, १९७९) किंवा बॉस एसडी-१ दिसतो. ट्यूब स्क्रीमरच्या क्लिपिंग टप्प्यात ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. या जोडीमुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो. खर्ज आतच राहतो, पण मध्यम पट्ट्याएवढा वर उचलला जात नाही.

पेडलची मांडणी अशी: ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण किंवा पाऊण, टोन मध्यावर. ड्राइव्ह शून्यावर असतानाही मध्यम आणि वरच्या स्वरांना सुमारे १२ पट गेन मिळतो, त्यामुळे तापट हंबकर (दोन कॉइलचा जोरकस पिकअप) असेल तर पेडल थोडे फाटतेच. तेवढे पुरे. ड्राइव्ह वाढवला की पेडलचे स्वतःचे डिस्टॉर्शन अँपच्या डिस्टॉर्शनवर चढते आणि पिकचा आघात बोथट होतो.

सुपर लीड किंवा त्याच्या ५० वॅटच्या भावंडावर सुरुवात ब्राइट चॅनलच्या हाय इनपुटपासून करावी: व्हॉल्यूम ६–७, बेस १–२, मिडल ६–७, ट्रेबल ५, प्रेझेन्स ४. कागदावर ही मांडणी पातळ वाटते, पण पूर्ण आवाजात बंद कॅबिनेटवर ती पातळ राहत नाही. दोन्ही चॅनल आखूड केबलने जोडण्याची जुनी पद्धत क्लासिक रॉकला शोभते. मेटलसाठी नॉर्मल चॅनल नको तोच खर्ज परत आणतो, म्हणून जोडायचेच असेल तर त्याचा व्हॉल्यूम २ च्या वर नेऊ नये.

एवढे करूनही गेन अपुरा वाटला तर बूस्टच्या आधी ग्राफिक इक्वलायझर (एकेक स्वरपट्टा वेगळा कमी-जास्त करणारे पेडल) लावावा. बॉस जीई-७ वर १०० हर्ट्झ ८ डेसिबेल खाली, २०० हर्ट्झ ४ डेसिबेल खाली, ८०० हर्ट्झ आणि १.६ किलोहर्ट्झ ३–४ डेसिबेल वर. दोन वेगवेगळी ओव्हरड्राइव्ह पेडल एकापुढे एक लावण्यापेक्षा हे बरे, कारण दुसरे पेडल गेनपेक्षा खरखर जास्त वाढवते.

स्वच्छ अँपवर प्रीअँप पेडल

फेंडर धाटणीचे अँप ढकलून मेटलपर्यंत नेण्याचा हट्ट सोडलेला बरा. त्यांची टोन-जोडणी पहिल्या टप्प्यानंतर लगेच येते आणि मध्यम पट्टा खोलवर खणते, आणि ट्विन तर दणकट आवाजातही बराच स्वच्छ राहतो. इथे अँप केवळ पॉवर अँप आणि स्पीकर म्हणून वापरायचा आणि सारे डिस्टॉर्शन प्रीअँप पेडलमधून घ्यायचे.

पेडलला शक्यतो सपाट प्रतिसाद हवा असतो. फेंडरच्या टोन-जोडणीत तो बेस आणि ट्रेबल अगदी खाली व मिडल १० वर असताना जवळजवळ मिळतो. त्यामुळे ट्विनवर बेस २, ट्रेबल ३, मिडल १० इथून सुरुवात करावी. डिलक्स रिव्हर्बला मिडलचे बटणच नाही, त्या जागी ६.८ किलो-ओहमचा ठरावीक रेझिस्टर आहे. तिथे बेस आणि ट्रेबल दोन्ही २–३ वर ठेवून कमी पडलेला मध्यम पट्टा पेडलवरच भरावा. ब्राइट स्विच बंदच हवा. व्हॉल्यूमवरचा ब्राइट कपॅसिटर बटण खाली असतानाच जास्त परिणाम करतो, आणि ‘पेडल मधमाशीसारखे गुणगुणते’ या तक्रारीमागे अनेकदा तोच असतो.

या पद्धतीचा मोठा फायदा असा की डिस्टॉर्शननंतरचा इक्वलायझर सहज बसतो: पेडलनंतर, अँपच्या आधी. १०० हर्ट्झ ३ वर, ४०० हर्ट्झ ४ खाली, ६.४ किलोहर्ट्झ ५ खाली ही सुरुवात चालते. बॉस एचएम-२ सारखे पेडल वापरून स्टॉकहोमच्या डेथ मेटल बँडनी १९९० च्या सुमारास घडवलेला करवतीसारखा आवाज मात्र वेगळ्या जातीचा आहे. तिथे सपाटपणा नव्हे, बटणे टोकाला नेणे हीच रीत आहे.

एसी३० मध्ये निगेटिव्ह फीडबॅक नसल्याने स्पीकरवरची पकड सैल असते. त्याच्या टॉप बूस्ट चॅनलचे बेस आणि ट्रेबल एकत्र वाढवले की मध्यम पट्टा खचतो, आणि कट हे बटण वाढवल्यावर तीव्र स्वर कमी होतात. फेंडरचा १९५० च्या दशकातला ट्वीड डिलक्स (५ई३) या कामाला जवळजवळ निरुपयोगी आहे. ०.१ मायक्रोफॅरडचे कपलिंग कपॅसिटर, ५वाय३ रेक्टिफायर आणि कॅथोड बायस यांमुळे पाम म्यूटवर तो फसफसतो.

पॉवर, स्पीकर आणि आवाजाची पातळी

जोरात वाजवताच सप्लायचे व्होल्टेज क्षणभर खचते, याला सॅग म्हणतात. ब्लूजमध्ये तो गोड लागतो, वेगवान डाउनपिकिंगमध्ये आघातच गिळतो. जेटीएम४५ आणि एसी३० मध्ये जीझेड३४ ही रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी) ट्यूब आहे. त्याच्या जागी सॉकेटमध्ये बसणारा सॉलिड-स्टेट पर्याय लावता येतो, पण त्याने व्होल्टेज चढते. बायस पुन्हा मोजल्याशिवाय आणि फिल्टर कपॅसिटरची व्होल्टेज-मर्यादा तपासल्याशिवाय हा बदल करू नये. फिक्स्ड बायसच्या अँपमध्ये ४५० व्होल्टवर चालणाऱ्या २५ वॅटच्या ईएल३४ ला विनासिग्नल ३६–३९ मिलिअँपिअर ही नेहमीची वरची हद्द आहे. फिल्टर कपॅसिटर वाढवून घट्टपणा मिळवता येतो. मात्र जीझेड३४ च्या लगेच पुढे ६० मायक्रोफॅरडहून जास्त लावले तर रेक्टिफायरच जातो.

एकाच बदलाचा पैसा हाताशी असेल तर तो कॅबिनेटवर खर्चावा. उघड्या पाठीच्या कॅबिनेटमध्ये पुढची आणि मागची खर्जाची लाट एकमेकींना खोडतात, आणि म्यूट केलेल्या तारेचा छातीवर येणारा ठोका हरवतो. बंद पाठीचे ४×१२ (१२ इंची चार स्पीकरचे), नाहीतर निदान २×१२ घ्यावे. सेलेस्टियन व्हिंटेज ३० नावाने जुना असला तरी तो १९८६ पासूनचा, ६० वॅटचा, वरच्या मध्यम पट्ट्यात उठाव देणारा स्पीकर आहे. सेलेस्टियनचेच २५ वॅटचे चार ग्रीनबॅक स्पीकर १०० वॅटच्या अँपवर कागदोपत्री जुळतात, पण पूर्ण फाटलेला अँप लिहिलेल्या वॅटच्या बराच वर जातो आणि कॉइल जळतात.

हा सारा प्रकार खोलीत झेपण्यासारखा नसल्याने अँप आणि स्पीकर यांच्या मध्ये अॅटेन्युएटर (स्पीकरपर्यंत जाणारी ताकद कमी करणारे उपकरण) किंवा स्पीकरच्या जागी रिअॅक्टिव्ह लोड (स्पीकरसारखा भार पेलणारे उपकरण) लावतात. त्याचा ओहम आकडा अँपच्या सॉकेटशी जुळायला हवा, आणि केबल स्पीकरचीच हवी, गिटारची नाही. लोडशिवाय ट्यूब अँप वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर प्रचंड व्होल्टेज उसळते आणि ट्यूब-सॉकेटमध्ये ठिणगी पडते. लोडच्या लाइन आउटवरून कॅबिनेट सिम्युलेशनकडे (कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल) गेल्यास डिस्टॉर्शननंतरचा इक्वलायझरही मिळतो.

नॉइज गेट

गिटार गप्प असताना खरखर बंद करणाऱ्या बॉस एनएस-२ सारख्या गेटमध्ये गिटार थेट गेटच्या इनपुटला जोडून बूस्ट त्याच्या सेंड–रिटर्नमध्ये अडकवतात. गेट स्वच्छ गिटार ऐकून उघडतो आणि बूस्टची खरखर कापतो. थ्रेशोल्ड (गेट उघडण्याची पातळी) तारा दाबून गप्प ठेवल्यावर आवाज थांबेल इतकाच असावा. लांबवलेला स्वर अडखळत विझू लागला तर तो जास्त झाला आहे.

आतले बदल

सुपर लीडच्या नॉर्मल चॅनलच्या टप्प्यावरचा २५० किंवा ३३० मायक्रोफॅरडचा कॅथोड कपॅसिटर काढून ०.६८ मायक्रोफॅरडचा लावणे आणि पहिला २२ नॅनोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर २.२ करणे हे दोन स्वस्त आणि परत फिरवता येणारे बदल आहेत. १ मेगा-ओहमसमोर दुसऱ्या बदलाने छाटणीची सीमा ७ हर्ट्झवरून ७२ हर्ट्झवर येते. त्यापुढची पायरी म्हणजे पहिल्या ट्यूबचे समांतर चालणारे दोन अर्धे एकापुढे एक जोडणे. इथे घोटाळा बहुतेक वेळा वायरिंगचा होतो: ग्रिडकडे जाणारी वायर आउटपुटच्या वायरजवळून गेली की अँप शिट्टी मारतो, किंवा ऐकू न येणाऱ्या कंपनात अडकून आवाज दबतो. शील्ड एकाच टोकाला ग्राउंड केलेली वायर आणि ग्रिडपाशी ४७० किलो-ओहमचा रेझिस्टर हा त्यावरचा उपाय.

प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० ते ५०० व्होल्ट शिल्लक असू शकतात, आणि ते जीव घेतात. १० किलो-ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून इन्सुलेटेड क्लिपने ते उतरवावेत आणि मीटरवर शून्याजवळ दिसेपर्यंत आत हात घालू नये. ट्यूब अँपवर पूर्वी काम केले नसेल तर हे बदल जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावेत.