चंदगडचा आरोपी, खानापूरचं ठाणं

"पुतिनवर युद्ध केल्याचं वॉरंट निघालंय की!" कर्नाटकातल्या खानापूरच्या स्टँडजवळ, चहाच्या गाड्यावर एका काकांनी पेपरची घडी घालत सांगितलं. हीच समजूत चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकली आहे, म्हणून हे लिहितो आहे.

वॉरंट खरं आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी ते काढलं. पण आरोप आहे युक्रेनची मुलं बेकायदा रशियात नेल्याचा. युद्ध छेडल्याचा नाही.

चंदगडच्या माणसाने खानापुरात चोरी केली तर गुन्हा खानापूरच्या ठाण्यात नोंदतात. 'मी महाराष्ट्राचा' ही सबब तिथे चालत नाही. युद्धगुन्ह्यांचंही तसंच, गुन्हा कुठे घडला ते पाहतात. वॉरंट निघालं तेव्हा रशिया या कोर्टाचा सदस्य नव्हता, युक्रेनही नव्हता. पण युक्रेनने आपल्या भूमीपुरता कोर्टाचा अधिकार मान्य केला होता. तेवढं पुरलं.

आक्रमणाच्या, म्हणजे युद्ध छेडण्याच्या गुन्ह्याला मात्र हा न्याय लागत नाही. हे कोर्ट ज्या करारावर उभं आहे त्या रोम कराराच्या कलम १५ बिस, पोटकलम ५ नुसार सदस्य नसलेल्या देशाच्या नागरिकाने किंवा त्याच्या भूमीवर केलेल्या आक्रमणाला कोर्ट हात लावू शकत नाही. म्हणजे चोर समोर उभा असताना फौजदाराने म्हणावं, 'चंदगडचा ना तू? जा मग.' १ जानेवारी २०२५ पासून युक्रेन सदस्य आहे, तरी अडचण कायम, कारण रशिया बाहेरच. सुरक्षा परिषदेने प्रकरण पाठवलं तर हा अडसर नाही, पण तिथे रशियाचा नकाराधिकार.

हे चुकून झालेलं नाही. १९९८ च्या मूळ रोम करारात या गुन्ह्याचं नाव होतं, व्याख्या नव्हती. ती २०१० मध्ये युगांडातल्या कंपालात ठरली आणि कोर्टाचा त्यावरचा अधिकार सुरू झाला १७ जुलै २०१८ ला. व्याख्येनुसार गुन्हेगार तोच, ज्याचा देशाच्या राजकीय किंवा लष्करी कारवाईवर खरा ताबा आहे. साधा शिपाई त्यात येत नाही. सत्ताधाऱ्यांच्याच गळ्याशी येणारा कायदा सरकारांच्याच प्रतिनिधींनी लिहिला, आणि तो असा लिहिला गेला याचा मला राग येतो.

जाता जाता: आपला सीमाप्रश्न हेगला न्यावा असं कुणीतरी हमखास म्हणतं. एकाच देशातल्या दोन राज्यांचा वाद तिथे जातच नाही. तो संविधानाच्या कलम १३१ खाली २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे.

युक्रेनवरच्या आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी आता वेगळं न्यायाधिकरण उभारण्याचा करार युरोप परिषदेने (युरोपीय देशांची मानवाधिकार संघटना) युक्रेनबरोबर २५ जून २०२५ रोजी केला. तिथेही राष्ट्राध्यक्ष पदावर असेपर्यंत त्याच्यावर खटला चालायचा नाही.

"मग सध्या त्या मुलांचंच?" काकांनी विचारलं.

पुतिनपुरतं, हो. मुलांचंच.